प्रस्तावना: संगणकावर पृथ्वी पाहताना

पैठण जगाच्या नकाशावर आले त्याला अठराशे वर्षे होऊन गेली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलाच्या ग्रंथात सुमारे आठ हजार ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश नोंदवले. त्या यादीत ‘बैठण’ आहे आणि ते एका राजाची राजधानी असल्याची नोंदही आहे. हा राजा म्हणजे सातवाहन पुळुमावी, असे अभ्यासक मानतात. त्याच्याही आधीच्या, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणबरोबर तगरचेही, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे नाव येते. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे तो ग्रंथकार सांगतो. छत्रपती संभाजीनगरपासून पन्नास किलोमीटरवरच्या पैठणला भूमध्य समुद्राकाठचा माणूस आकड्यांनी ओळखत होता.

ज्या भागाची जगाच्या नकाशाशी इतकी जुनी ओळख आहे, त्याच भागातल्या बहुतेक मुलांसाठी आज नकाशा म्हणजे परीक्षेतले चार-पाच गुण. आराखडा नकाशा पुढे येतो, त्यात नद्या, पर्वत, बंदरे भरायची, सूची करायची आणि पेपर बांधून द्यायचा. नकाशाभरणाचा सराव वाईट नाही, तो हवाच. पण तेवढ्यावर थांबले की मुलांना पृथ्वी गोल आहे हे पाठ होते आणि कळत मात्र नाही. वर्गातला पृथ्वीगोल बऱ्याच शाळांत कपाटात असतो, आणि बाहेर काढला तरी साठ मुलांत तो दोघा-तिघांच्याच हाती लागतो. दुसरीकडे, संगणक आता बहुतेक माध्यमिक शाळांत आहेत. त्यांवर एक साधा, मोफत प्रोग्राम घातला तर प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने पृथ्वी फिरवून पाहता येते. ती कशी पाहावी आणि पाहताना तिला कोणते प्रश्न विचारावेत, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

या पुस्तिकेसाठी निवडलेला प्रोग्राम आहे ‘मार्बल’. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून तो तयार झाला. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर तो चालतो, त्याला परवाना शुल्क नाही, आणि शाळेने तो कितीही संगणकांवर घातला तरी कोणाची परवानगी लागत नाही. निवडीचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. याचा मूळ नकाशासंग्रह संगणकातच बसतो. एकदा प्रोग्राम घातला की इंटरनेट नसले तरी खंड, देश, पर्वत, नद्या आणि मोठी शहरे दिसत राहतात. ‘गूगल अर्थ’ २००५ साली आले आणि इस्रोचे ‘भुवन’ २००९ साली. उपग्रहाने टिपलेले बारकावे पाहायचे, लोणारचे सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर किंवा नाथसागराचा पसारा न्याहाळायचा, तर ती साधने उत्तमच. पण त्यांना सतत चांगले इंटरनेट लागते. वैजापूर, सोयगाव, फुलंब्रीकडच्या शाळेत तासिका सुरू असताना नेट गेले म्हणून पृथ्वी अर्ध्यावर अडकून पडू नये, एवढाच हा विचार आहे.

प्रोग्राम उघडला की पडद्यावर पृथ्वीगोल येतो. माऊसचे बटण दाबून धरले की तो फिरतो, चाक फिरवले की जवळ येतो किंवा लांब जातो. शिकवण्यासारखे यात काही नाही, मुले पहिल्या पाच मिनिटांत हे आपले आपण करतात. शिक्षकाचे काम त्यानंतर सुरू होते. पहिल्या तासिकेला एकच गोष्ट करावी. शोधाच्या चौकटीत आपल्या शहराचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे, नाव टाकावे, ते सापडले की त्यावर माऊस न्यावा आणि पडद्याच्या खालच्या पट्टीत उमटणारे आकडे वहीत लिहून घ्यावेत. ते साधारण १९ अंश ५३ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश २० मिनिटे पूर्व असे येतील. हा आपल्या शहराचा पृथ्वीवरचा पत्ता. या पुस्तिकेतले पुढचे सगळे धडे या दोन आकड्यांवर उभे आहेत.

आधी अक्षांश घ्यावा. विसाव्या अंशाच्या किंचित खालून पूर्वेकडे निघावे आणि वर-खाली न सरकता पृथ्वी फिरवत जावे. ओडिशातले पुरी लागते. बंगालचा उपसागर आणि म्यानमार ओलांडून गेले की लाओसमधले लुआंग प्राबांग हे जुने राजधानीचे नगर येते. त्याचा आणि आपल्या शहराचा अक्षांश जवळजवळ तंतोतंत एक आहे. पुढे प्रशांत महासागरात हवाई बेटावरचे मौना केआ शिखर लागते, आणि त्यापलीकडे मेक्सिको, ज्याची राजधानी आपल्यापेक्षा जेमतेम अर्धा अंश दक्षिणेला आहे. आता उलटे, पश्चिमेला निघावे. अरबी समुद्र संपला की अरबस्तानातले रुब अल खाली वाळवंट, मग तांबडा समुद्र, मग सुदान आणि सहारा. सूर्य सगळीकडे सारखाच तळपतो, मग एकाच अक्षांशावर एकीकडे वाळू आणि दुसरीकडे कापूस, मका आणि मोसंबीच्या बागा कशा? हा प्रश्न मुलांनी स्वतः विचारला पाहिजे, आणि पृथ्वी फिरवली की ती तो विचारतात. उत्तरही याच प्रोग्राममध्ये आहे. त्यात जुलै आणि डिसेंबर या दोन महिन्यांच्या पावसाचे जागतिक नकाशे दिलेले आहेत. ते एकापाठोपाठ एक लावले की मोसमी वाऱ्यांनी भारतीय उपखंडावर केलेली कृपा डोळ्यांना दिसते. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या आड असलेल्या आपल्या भागात सातशे मिलिमीटरच्या आसपास, हा बारकावा मात्र त्या जागतिक नकाशांत शोधू नये. तो शिक्षकांनी फळ्यावर जोडून द्यायचा आहे.

मग रेखांश. ७५ अंश २० मिनिटांवरून सरळ दक्षिणेला गेले की केरळातले कण्णूर येते. उत्तरेला निघाले की उज्जैन अर्ध्या अंशाच्या आत, उजव्या हाताला राहते. भारतीय ज्योतिषशास्त्राने आपली मध्यरेखा या उज्जैनवरून धरली होती. ग्रिनिचची रेषा जगाने १८८४ साली स्वीकारली, त्याच्या कितीतरी शतके आधी आपल्याकडचे गणिती उज्जैनच्या रेषेपासून देशांतर मोजत होते. इथे भास्कराचार्यांची आठवण काढलीच पाहिजे. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० सालचा, आणि ‘गोलाध्याय’ हा त्याचाच एक भाग. कन्नडचा घाट उतरून गेले की चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा शिलालेख तिथलाच. तेराव्या शतकाच्या आरंभीचा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते, या शंकेला भास्कराचार्यांनी गोलाध्यायात उत्तर दिले आहे: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, पृथ्वी अतिशय मोठी आणि माणूस तिच्यापुढे अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट वाटते. हा युक्तिवाद मार्बलमध्ये करून पाहता येतो. गोल लांब ठेवला की कडा वक्र दिसते. चाक फिरवत आपल्या तालुक्यापर्यंत खाली आले की वक्रता नाहीशी होते. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा केले त्याला पृथ्वीच्या गोलत्वाची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

रेखांशाचा दुसरा धडा शाळेच्या मैदानात करायचा आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरून ठरते. आपण त्या रेषेच्या सात अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहोत. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, तेव्हा आपल्याकडचा खरा मध्यान्ह सरासरीने घड्याळात बारा वाजून २८-२९ मिनिटांनी येतो. मैदानात एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि तिची सावली दर पाच मिनिटांनी खडूने आखावी. सावली सर्वांत आखूड कधी होते ते मुलांनी स्वतः टिपावे. वर्षभरात ही वेळ काही मिनिटे पुढेमागे सरकते, त्याचे कारण वरच्या वर्गांना जरूर सांगावे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य एकेकदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. मार्बलमध्ये पृथ्वीवरचा दिवस-रात्रीचा भाग दाखवण्याची आणि तारीख-वेळ बदलण्याची सोय आहे. मैदानातली सावली आणि पडद्यावरचा उजेड यांची सांगड घातली की ऋतू, दिनमान आणि प्रमाणवेळ हे तीन अवघड धडे एकत्र सुटतात.

पुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण प्रक्षेपणांचे आहे. मोसंबीची साल अखंड सोलून टेबलावर दाबून बसवायला गेले तर ती कुठेतरी फाटते किंवा ताणली जाते. गोल पृथ्वी कागदावर आणताना हीच अडचण येते, आणि ती कोणालाच चुकलेली नाही. मर्केटरने १५६९ साली दर्यावर्दींसाठी जो नकाशा केला त्यात दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवांकडचे प्रदेश अवाढव्य फुगतात. आज मोबाइलवर आपण जे नकाशे वापरतो त्यांतले बहुतेक याच पद्धतीचे आहेत. त्यांत ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट मोठे दिसते. प्रत्यक्षात ग्रीनलंडचे क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे आणि भारताचे सुमारे ३२ लाख ८७ हजार. मार्बलमध्ये गोल, सपाट नकाशा आणि मर्केटर असे पर्याय एका यादीत आहेत. मुलांनी आधी मर्केटर लावावा, ग्रीनलंड आणि आफ्रिका शेजारी पाहावेत, मग गोल लावून तेच पुन्हा पाहावे. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे हे तेव्हा पटते. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ब्राझील सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या अडीचपट. विषुववृत्त त्याच्या उत्तर भागातून जात असल्याने मर्केटरमध्ये तो उत्तरेकडच्या देशांपुढे लहान वाटतो. दोन्ही देश गोलावर आळीपाळीने समोर आणले की स्थान आणि विस्तार हा धडा पाठांतराचा राहत नाही. कोणताही नकाशा समोर आला की त्याने काय जपले आणि काय सोडले हे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर या पुस्तिकेचे निम्मे काम झाले.

अंतर मोजण्याचा धडा मुलांना सर्वांत आवडतो. पृथ्वीवर दोन बिंदू ठरवले की प्रोग्राम त्यांच्यामधला सर्वांत जवळचा मार्ग आखून अंतर सांगतो. आपल्याकडच्या अनेक घरांतली मुले-मुली आज अमेरिकेत आहेत, म्हणून मुंबई ते न्यूयॉर्क हा मार्ग घ्यावा. अंतर साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास येते. सपाट नकाशा डोक्यात ठेवून पाहिले तर वाटते की रेषा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक अशी आडवी जाईल. गोलावर ती उत्तरेला झेपावते: रशिया, स्वीडन, आइसलँडच्या बाजूने ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून खाली उतरते. विमाने हवामान आणि हवाई हद्दी पाहून थोडी वळतात, पण त्यांचे मार्ग इतके उत्तरेकडून का जातात याचे उत्तर या एका रेषेत आहे.

हेच साधन इतिहासाच्या तासालाही न्यावे, असा माझा आग्रह आहे. आपल्या शहराचा इतिहास जगाच्या नकाशाशिवाय समजत नाही. हे शहर १६१० साली ‘खडकी’ म्हणून वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला. गुलाम म्हणून तो येमेनमधल्या मोखा बंदरात आणि पुढे बगदादला विकला गेला, आणि तिथून दख्खनमध्ये आला. मोखा, बगदाद आणि आपले शहर हे तीन बिंदू जोडले तर सरळ रेषेतही साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर भरते. इतके अंतर तुटून आलेला माणूस निजामशाहीचा कारभार हाती घेतो, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवतो आणि शहराला नहरींचे पाणी देतो, हे मुलांनी नकाशावर बोट ठेवून अनुभवावे. दिल्ली ते दौलताबाद हे अंतर सरळ रेषेत हजार किलोमीटरांच्या थोडे आत भरते. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाच्या हुकमाने माणसे ते बैलगाडीने, घोड्यावरून आणि पायी तुटत आली. आकडा समोर आला की ‘राजधानी हलवली’ या दोन शब्दांचा अर्थ मुलांना कळतो.

मार्बलमध्ये एक जुना नकाशाही दिलेला आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन शागेन या नकाशाकाराने केलेला हा जगाचा नकाशा १६८९ सालचा आहे. याच वर्षी, ११ मार्चला, औरंगजेबाने तुळापूरला छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केली. ज्यांचे नाव आज आपल्या शहराला आहे त्यांच्या अखेरच्या वर्षी युरोपला जग कसे दिसत होते, हे हा नकाशा दाखवतो. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा त्यात मिळणार नाही, कारण कुक तिथे १७७० साली पोचला. भारताचा आकार त्या नकाशाकाराला कितपत जमला होता, ते मुलांनी आजचा नकाशा लावून ताडून पाहावे. अचूकता हळूहळू, कष्टाने आली. लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून भारताच्या महासर्वेक्षणाला सुरुवात केली आणि दोन दशके उपकरणे वाहून नेत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ साली तो आपल्या महाराष्ट्रात, हिंगणघाटला, कामावर असतानाच वारला. पडद्यावर क्षणात उमटणाऱ्या आकड्यांमागे अशी माणसे आणि त्यांच्याबरोबर डोंगर चढलेले असंख्य अनामिक खलाशी आहेत.

दोन सूचना शिक्षकांनी गांभीर्याने घ्याव्यात. पहिली सीमांबद्दल. परदेशात तयार झालेल्या प्रोग्राममध्ये जम्मू-काश्मीर, लडाख आणि अरुणाचल प्रदेशाच्या सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे असतीलच असे नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणे हा १९६१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून पडद्यावर अभ्यास जरूर करावा, पण भित्तिपत्रक, हस्तलिखित किंवा प्रदर्शनासाठी भारताचा नकाशा हवा असेल तर तो सर्वेक्षण विभागाचाच घ्यावा. दुसरी सूचना नावांबद्दल. शहराचे नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलले, आणि संगणकातला नकाशा जुना असेल तर त्यात आधीचे नाव असू शकते. एका नावाने शोध लागला नाही तर दुसऱ्या नावाने घ्यावा.

शेवटचे प्रकरण ‘ओपनस्ट्रीटमॅप’चे आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात जगभरची माणसे स्वतः नकाशा भरतात, आणि तो मार्बलमध्ये उघडतो. त्यात आपले गाव जवळून पाहिले की राज्यमार्ग दिसतो, पण पाझर तलाव, वाडी-वस्तीचा रस्ता, आठवडी बाजाराची जागा, प्राथमिक आरोग्य केंद्र पुष्कळदा दिसत नाही. ते कोणी परका येऊन भरणार नाही. दहावीनंतरच्या सुट्टीत दोन मुलांनी मनावर घेतले तर एका गावाची बहुतेक ठिकाणे काही दिवसांत भरून होतात. पूर आला, रुग्णवाहिका वाट चुकली, पाण्याचा टँकर कुठल्या वस्तीवर पाठवायचा हा प्रश्न पडला, तर असा भरलेला नकाशा खरोखर उपयोगी पडतो.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. येत्या आठवड्यातली भूगोलाची एक तासिका संगणक कक्षात घ्या. प्रत्येक मुलाला शहराचे किंवा आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश शोधून वहीत लिहू द्या आणि त्या अक्षांशावरून पृथ्वीला एक फेरी मारू द्या. मुले विचारतील त्या प्रश्नांतून पुढच्या तासिकेचा विषय ठरेल. पुस्तिकेतली प्रकरणे त्या क्रमाने वाचली तरी चालतील.